एम टू घेतोय: क्लच ठेवू की सोडू? (सातारकरांनो, सल्ला हवाय)

अजिंक्यतारा_११
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४७. एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मशिनचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फिटला आणि तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. बीएमडब्ल्यूची एम टू घ्यायची. घरात ऑटोमॅटिक इनोव्हा आहे, वर्कशॉपला पिकअप आहे. म्हणजे ही गाडी गरज म्हणून नाही, हे आधीच कबूल करतो. शेजारच्यांनी विचारलं की 'मुलाच्या हट्टापायी' असं सांगायचं ठरलंय. मुलाला गाड्यांत काडीचा रस नाही.

गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तीन लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत, दोन टर्बो, ४८० पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ताकद फक्त मागच्या चाकांना. आणि आजच्या काळातली नवलाई म्हणजे हिच्यात अजून सहा गिअरची मॅन्युअल मिळते. दुसरा पर्याय आठ गिअरची ऑटोमॅटिक. कागदावर ऑटोमॅटिक सरळ पुढे आहे. तिला ६०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, मॅन्युअलला ५५०. शून्य ते शंभर ऑटोमॅटिक ४ सेकंदांत, मॅन्युअल ४.२ मध्ये.

माझा वापर असा: रविवारी पहाटे मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर आणि परत. महिन्यातून दोनदा पुणे. डाव्या गुडघ्याला शाळेतल्या कबड्डीची जुनी आठवण आहे, पावसाळ्यात बोलते. पुण्याच्या शोरूममध्ये चालवून बघितली, पण त्यांच्याकडे ऑटोमॅटिकच होती. वर सेल्सवाला रेस ट्रॅक पॅकेजच्या मागे लागलाय. कार्बनच्या बकेट सीट, कार्बनचं छप्पर, टॉप स्पीड २५० वरून २८५. दहा तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. बोला.

खंबाटकी_खुशाल
ऑटोमॅटिक. विषय संपला.

शनिवारी संध्याकाळी पुण्याहून येताना खंडाळ्यापासून पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जाताना बोगदा आहे म्हणून बरं, येताना अख्खा खंबाटकी घाट चढायचा. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला महाबळेश्वरला निघालेलं पुणं. पाच फूट पुढे, थांबा. पाच फूट पुढे, थांबा. कोटीची गाडी घेऊन मांडी चोळत बसणार का?

अजिंक्यतारा_११
@खंबाटकी_खुशाल, हेच डोळ्यांसमोर येतं आणि हात आखडतो.

दुहेरी_दाते
पण एम टूला ड्युअल क्लच असतो ना? तो ट्रॅफिकमध्ये गचके देतो म्हणून मॅन्युअल घ्या.

सांगली_डीएसजी
@दुहेरी_दाते, तुम्ही आधीच्या पिढीबद्दल बोलताय. तिच्यात सात गिअरचा ड्युअल क्लच मिळायचा. नव्या एम टूत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल. सुरुवातीला तेलाच्या प्रवाहातून ताकद जाते म्हणून गाडी गचका न देता सरकते, आणि वेग धरला की आतला लॉक बसून दोन्ही बाजू एकजीव फिरतात. ड्युअल क्लचमध्ये एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तिसऱ्यात असताना चौथा तयारच असतो, म्हणून बदल पापणी लवण्याआधी होतो. पण गोगलगायीच्या वेगाने चढ चढायचा झाला की तो बिचारा अर्धा क्लच धरून बसतो आणि तापतो. कोरड्या क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांचा ड्युअल क्लच) असेल तर जास्तच. माझ्याकडे ओला आहे, तेलात बुडालेला, तरी अंकली पुलावरच्या गर्दीत मी त्याला जपतो.

आता टॉर्क कन्व्हर्टरच इतके चपळ झालेत की एम फाइव्हपासून सुरू करून बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने ड्युअल क्लच सोडूनच दिला. पोर्शाचा मात्र पीडीके अजून ड्युअल क्लचच आहे, आणि त्याच्यासारखा दुसरा नाही. त्यांनी तो ऐंशीच्या दशकात रेसच्या गाड्यांत घासूनपुसून घेतला आणि रस्त्यावरच्या ९११ मध्ये २००८ साली आणला. वीस वर्षं धीर धरला त्यांनी!

खंबाटकी_खुशाल
म्हणजे शेवटी ऑटोमॅटिकच ना? मग एवढं पुराण कशाला?

मुळा_मुठा
माझ्याकडे मॅन्युअल एम टू आहे, ४६० पीएसची, पहिल्या वर्षातली. दोन वर्षं पुण्यात चालवतोय, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

क्लच तुम्हाला वाटतो तितका जड नाही. मध्यम आहे. जड आहे ती गिअरची दांडी, थोडी रबरी लागते. होंडाच्या जुन्या गाड्यांसारखा खटकन बसणारा गिअर इथे नाही, हे ऐकून ठेवा. खालचा गिअर टाकताना गाडी स्वतःच इंजिनाचे आरपीएम जुळवून घेते. ते आवडलं नाही तर मेन्यूतून बंद करता येतं. मी बंद करून चारदा तोंडावर पडलो, मग सुरू केलं, आता पुन्हा बंद आहे.

हायवेला फरक जाणवतो. ऑटोमॅटिकला वर आठवा गिअर आहे, शंभरला इंजिन पेंगत असतं. मॅन्युअल सहाव्यात बऱ्यापैकी जागी असते. आवाज आवडत असेल तर आनंद, मागे आई बसली असेल तर भांडण.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. ४८० पीएसची ऑटोमॅटिक केळघर घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असं काही चालते की तुमच्या हाताला कामच उरत नाही. पाय दाबला की पुढचं वळण आलंच. मॅन्युअलमध्ये तोच वेग निम्मा असला तरी वळणावळणाला काहीतरी करायला मिळतं. आपल्या रस्त्यांवर ती गाडी पूर्ण ताकदीने कुठे चालणार आहे? सलग दोन सेकंद पाय दाबून ठेवायलासुद्धा जागा नाही. ०.२ सेकंदाचा फरक मोजायला तुम्ही कोइमतूरच्या ट्रॅकवर जाणार का?

कंदीपेढा
अवांतर: ऑक्टोबर ते मार्च पहाटे मेढ्याकडे जाताना उसाच्या ट्रॉल्यांपासून सांभाळून. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसावरून मागची चाकं घसरली तर ६०० काय आणि ५५० काय.

एसटी_डेपो_निवृत्त
अजिंक्यताराराव, ३१ वर्षं डेपोत गाड्यांखाली पडून काढली. तुमची गाडी मी पेपरातसुद्धा बघितलेली नाही, पण क्लच क्लचच असतो.

क्लचप्लेट गर्दीने जळत नाही. अर्ध्या क्लचने जळते. चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरायची सवय ज्याला असते त्याची प्लेट वर्षात जाते. ज्याला ती सवय नाही त्याची गाडी तीन ड्रायव्हर बदलले तरी चालते. खंबाटकीत करायचं काय, तर पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांचं अंतर सोडू द्यायचं. मग क्लच पूर्ण सोडून पहिल्यात रांगत जायचं. मध्ये कोणी घुसलं तर घुसू द्यायचं. घुसणारा काही आपल्याआधी घाटापलीकडच्या वेळे गावाला पोचत नाही.

दुसरं, घाट उतरताना. आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगायचो, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. तुमची गाडी सतराशे किलोच्या पुढची असणार. केळघरवरून खाली नुसत्या ब्रेकवर आणली तर ब्रेक तापून पेडल मऊ पडेल. ऑटोमॅटिक असली तरी हाताने खालचा गिअर लावून उतरायचं.

आता गुडघ्याचं. इथे विचारून काय उपयोग? तुमच्याकडे पिकअप आहे ना? येत्या शनिवारी इनोव्हा घरी ठेवा. पिकअप घेऊन पुण्याला जा आणि संध्याकाळी पाच वाजता परत निघा. पिकअपचा क्लच त्या गाडीच्या क्लचपेक्षा हलका नसणार. वेळ्याला उतरून चहा प्या आणि मग गुडघ्याला विचारा.

सांगली_डीएसजी
काका, हा या धाग्यावरचा सगळ्यात भारी सल्ला.

टर्बो_ताई
पॅकेजबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

बकेट सीट शोरूममध्ये पाच मिनिटं छान वाटते. तिच्यात दोन मांड्यांच्या मध्ये कार्बनचा एक उंचवटा आहे, तो हलत नाही. ऑटोमॅटिकला एक पाय मोकळाच असतो, चालून जातं. मॅन्युअलला डावा पाय सतत वरखाली, आणि तो उंचवटा नेमका मध्ये. शिवाय कडा इतक्या उंच की उतरताना आधी हात टेकावे लागतात. ४७ वर्षांचा गुडघा आणि समोर राजवाड्यावर पार्किंग, चित्र डोळ्यांसमोर आणा. वजन वाचतं ते सीटमध्ये दहा किलोच्या आसपास, छपरात सहा. आठवडाभर कंदी पेढे खाल्ले नाहीत तरी... बरं, नको.

२८५ चा टॉप स्पीड साताऱ्यात कुठे वापरणार, ते सेल्सवाल्यालाच विचारा.

आणि हिशेब: रोड टॅक्सचा नेमका दर आधी आरटीओत विचारून घ्या. टॅक्स बिलाच्या रकमेवर लागतो आणि कारखान्यातून बसून आलेला ऑप्शन बिलातच येतो. म्हणजे ऑप्शनवरही टॅक्स, वर विम्याची वाढ. विकताना त्या छपराचे कोणी वेगळे पैसे देत नाही.

दुहेरी_दाते
ताई, पण कार्बनचं छप्पर वरून लय भारी दिसतं.

टर्बो_ताई
@दुहेरी_दाते, वरून कोण बघणार, घार?

मुळा_मुठा
टर्बो_ताईंशी सहमत. माझ्या गाडीला साध्या सीट आहेत, गरम-बिरम होतात, पाठ दुखत नाही.

पैसे ठेवायचे तर टायरसाठी ठेवा. पुढे १९ इंची, मागे २० इंची, मागचा २८५/३० चा. २८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ३० म्हणजे रबराची भिंत तिच्या ३० टक्के, साडेआठ सेंटिमीटर. त्याखाली खड्डा आला की टायर फुगतो किंवा अलॉय वाकतो. स्टेपनी नाही, पंक्चर किटची बाटली आणि पंप. भिंत फाटली तर बाटली निरुपयोगी. मी एकदा सुरूरच्या अलीकडे तीन तास फ्लॅटबेडची, म्हणजे गाडी पाठीवर नेणाऱ्या ट्रकची, वाट बघत बसलो होतो. पुढची-मागची चाकं वेगळ्या मापाची असल्याने टायर अदलून बदलून लावायची सोयही नाही, आणि मागचे आधी संपतात. गंमत केली तर फारच आधी.

यवतेश्वर_वळण
स्पीडब्रेकरचं काय? आमच्या गावातल्या ब्रेकरवर स्विफ्ट घासते.

मुळा_मुठा
तिरकी घालायची. एक चाक आधी, मग दुसरं. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. पोर्शा ९११ ला पुढची बाजू बटणावर चार सेंटिमीटर उचलायचा ऑप्शन मिळतो, आणि जागा लक्षात ठेवून पुढच्या वेळी ती स्वतःच उचलते. आपल्याकडे कुठला एक परफॉर्मन्स ऑप्शन घ्यावा असं विचाराल तर मी हा सांगेन. एम टूला नाही, याचं वाईट वाटतं.

रिमॅप_राजा
भावांनो, मॅन्युअलला ५० न्यूटन मीटर कमी म्हणून रडताय? रिमॅप करा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदला, एका दुपारचं काम. ताकद अशी वाढते की नाद खुळा.

टर्बो_ताई
@रिमॅप_राजा, वॉरंटी तिथेच संपते. गाडीच्या संगणकात नोंद राहते, नंतर जुनी फाइल टाकली तरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीने ठरवून दिलेल्यात फेरफार चालत नाहीत. विमा कंपनीला न सांगता केलं आणि अपघात झाला तर क्लेमच्या वेळी तेच पुढे करतात. आणि आधी पेट्रोल बघा. १०० ऑक्टेन हवं तर पुण्यात शोधावं लागतं, गावाकडे ९५ मिळालं तरी नशीब. कमी ऑक्टेनवर पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकतं, ते ओळखून नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडायला लावतो, म्हणजे विकत घेतलेली ताकद इंजिन स्वतःच परत करतं.

रिमॅप_राजा
ताई तुम्ही आरटीओत आहात का?

टर्बो_ताई
सीए आहे. त्याहून वाईट.

यवतेश्वर_वळण
एक शंका. महाबळेश्वरला हवा विरळ, तिथे ताकद कमी होईल ना?

सांगली_डीएसजी
बिनटर्बोच्या इंजिनाची होते, तेराशे मीटरच्या वर साधारण सात-आठ हिश्श्यांतला एक हिस्सा जातो. टर्बो थोडा जास्त फिरून हवा भरून काढतो, म्हणून हिला फारसं कळणार नाही.

खंबाटकी_खुशाल
मी अजून ऑटोमॅटिकवरच आहे. आणि एक मुद्दा कोणी काढला नाही. वहिनींना चालवायची झाली तर? बायकांना ऑटोमॅटिकच सोपी पडते. घरात एकट्यानेच चालवायची गाडी कशाला?

अजिंक्यतारा_११
@खंबाटकी_खुशाल, तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. ही चूक माझी.

ती दहिवडीकडची. गाडी शिकली ती वडिलांच्या कमांडर जीपवर, छावणीला चारा नेताना. तिचं म्हणणं शब्दशः देतो: "त्या खुशालरावांना सांग, मला जीपचा दुसरा गिअर क्लच दोनदा दाबून टाकता येतो. त्यांना येतो का?" पुढे मला म्हणाली, "इनोव्हा ऑटोमॅटिकच आहे. परत तेच घ्यायचं तर इनोव्हालाच लाल रंग मार."

खंबाटकी_खुशाल
वहिनींना साष्टांग. शब्द मागे घेतो. (मला येत नाही.)

एसटी_डेपो_निवृत्त
वहिनींचा मुद्दा बरोबर आहे. रोजच्या गाडीचा गिअर रोजच्या रस्त्याने ठरवावा. ही रविवारची गाडी, तिचा रविवारने ठरवा. पण पिकअपची परीक्षा चुकवू नका.

अजिंक्यतारा_११
उशीर झाला, माफी. परीक्षा दिली.

शनिवारी पिकअप घेऊन गेलो. जाताना मुळा_मुठांच्या घरी थांबलो, त्यांनी गाडीची किल्ली सरळ हातात ठेवली. अनोळखी माणसाला! मी त्यांच्या सोसायटीच्या गेटवरच दोनदा बंद पाडली, वॉचमन हसला. तिसऱ्यांदा सुटली. पाषाणच्या पुढे थोडा मोकळा रस्ता मिळाला आणि तिसऱ्यात पाय दाबला. आवाजाबद्दल काही लिहीत नाही, लिहिलं तर अतिशयोक्ती वाटेल. दांडी रबरी आहे हे खरं. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात नीट पडली की मशिनवर पहिला जॉब मापात निघाल्यासारखं वाटतं, आमच्या धंद्यातल्यांना कळेल. ऑटोमॅटिक चालवल्यावर मी सेल्सवाल्याला 'जबरदस्त आहे' म्हणालो होतो. ही चालवून उतरलो आणि काहीच बोललो नाही. मुळा_मुठांनी चहा पुढे केला.

पाच वाजता परत निघालो. खंडाळा ते वेळे, एक तास दहा मिनिटं. काकांनी सांगितलं तसं अंतर सोडत, पूर्ण क्लच सोडून रांगत आलो. अकरा गाड्या मध्ये घुसल्या, मोजल्या. त्यातली एक वेळ्याच्या टपरीवर शेजारीच उभी होती. गुडघा गप्प. पाठ दुखली, पण ती पिकअपच्या सीटने.

मॅन्युअल बुक केली. पॅकेज नाही, साध्या सीट, साधं छप्पर. वाचलेल्या पैशातून मागच्या टायरची एक जोडी बाजूला धरली आहे. रिमॅप नाही. सेल्सवाल्याचा चेहरा पडला, मग हळूच म्हणाला, "सर, मीही हीच घेतली असती."

कंदीपेढा
अभिनंदन! पेढ्यांचं कसं काय?

सांगली_डीएसजी
पहिले २००० किलोमीटर दमाने. ५५०० आरपीएमच्या वर न्यायची नाही, मग पहिली सर्व्हिस, इंजिन आणि डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) तेल बदलायचं. त्याआधी केळघरला शर्यत नको.

एसटी_डेपो_निवृत्त
गाडी आली की एकदा डेपोसमोरून हळू न्या. मी बाकड्यावर असतो. क्लचवर पाय ठेवून बसलेले दिसलात तर तिथेच उतरवीन.

अजिंक्यतारा_११
नक्की काका. गाडी यायला वेळ आहे, पण २००० किलोमीटरची वाटणी आत्ताच झालीय, हजार माझे, हजार तिचे. मी सुचवलं की मेढ्यापर्यंत तू चालव, पुढे घाट मी. ती म्हणाली, मेढ्यापर्यंत तू चालव.